बुखारीला आपोआप हवा देणारी झडप: ग्वाल्हेरच्या जुन्या घरात कोणती बसवावी?

लष्करची सून (ग्वाल्हेर)

नमस्कार मंडळी.

आम्ही ग्वाल्हेरला लष्कर भागात राहतो. घर जुनं, दगडी, वर पटियांचं, म्हणजे लांब दगडी फरश्यांचं छत. मे-जूनच्या लूमध्ये या भिंती सुख देतात, पण पौष-माघात त्याच रात्रभर गारठा सोडत राहतात. जानेवारीत पारा चार-पाच अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली, आणि कोहरा धरला की दिवसभर ऊन पडत नाही. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, त्यात दमा. त्यांच्या खोलीत पूर्वी कोळशाची शेगडी ठेवत असत. ती मी बंद केली. दर थंडीत इकडच्या वर्तमानपत्रांत बंद खोलीत सिगडी ठेवून झोपलेल्या कुटुंबांच्या बातम्या येतात, आणि त्या वाचल्या की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही.

विजेचा हीटर आहे, पण घरातलं वायरिंग जुनं, आणि नेमकी पहाटे वीज गेली की सगळंच थंड. डबऱ्याकडे आमची थोडी शेती आहे, तिथल्या बांधावरच्या बाभळींची छाटणी दरवर्षी निघते. म्हणजे लाकूड घरचं आहे. म्हणून धुराची नळी थेट छताबाहेर जाणारी, दार घट्ट बंद होणारी लोखंडी बुखारी करून घ्यायचं ठरवतोय. इथला एक फॅब्रिकेशनवाला ५ मिलिमीटरच्या प्लेटची, आतून फायरब्रिक लावलेली करून द्यायला तयार आहे.

खोली १२ बाय १८ फूट, उंची १४ फूट. आता माझी अडचण. बुखारीत लाकूड घातलं की सुरुवातीला हवा जास्त लागते, मग कमी करावी लागते, हे मला आमच्या जुन्या बंबावरून माहीत आहे. खालचं राखेचं दार उघडं राहिलं की तो कसा घोंघावायला लागतो! पण रात्री सासूबाईंनी उठून झडप फिरवावी अशी त्यांची स्थिती नाही, आणि मीही दर अर्ध्या तासाला त्यांच्या खोलीत जाऊ शकत नाही. युरोपातल्या बुखाऱ्यांत हवा आपोआप कमी-जास्त करणारी यंत्रणा असते असं वाचलं. काहींत नुसती धातूची पट्टी असते, काहींत सेन्सर आणि मोटर. आमच्यासारख्या घरात यांतलं काय चालेल? वीज गेल्यावर मोटरवाल्याचं काय होतं? आणि रात्री दहाला बुखारी गच्च भरून झडप बारीक केली तर सकाळपर्यंत मंद जळत राहील अशी सोय यातून होते का?

कृपया अनुभव असलेल्यांनी लिहावं. खोलीत आजारी, म्हातारं माणूस झोपणार आहे, त्यामुळे अंदाजपंचे काही करायचं नाही.

---

भट्टीकाका (इंदूर)

ताई, माझी उभी नोकरी इंदुरात कापड गिरणीच्या बॉयलरवर झाली, आणि आमच्याकडे आंघोळीचं पाणी अजून तांब्याच्या बंबातच तापतं. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे. रात्रभर मंद जळत ठेवायला म्हणून ही यंत्रणा घेणार असाल तर घेऊ नका. त्यासाठी ती नाहीच.

लाकूड जळतं म्हणजे काय होतं ते बघा. आधी त्यातलं पाणी वाफ होऊन जातं. मग दोन-अडीचशे अंशांच्या पुढे लाकूड फुटायला लागतं आणि त्यातून वायू निघतात. कोरड्या लाकडाच्या वजनातला तीनचतुर्थांशाच्या आसपास भाग असा वायू होऊन बाहेर येतो, आणि निम्म्याहून जास्त उष्णता त्या वायूतच असते. मागे उरतात ते निखारे. आपण जी ज्योत बघतो ती या वायूची. ती नीट जळायला दोन गोष्टी लागतात: सहाशे अंशांच्या आसपासची धग, आणि वरून मिळणारी ताजी, शक्यतो तापलेली हवा. यातलं एक जरी कमी पडलं तरी तो वायू न जळता धूर म्हणून नळीत जातो, वर थंड होतो आणि नळीच्या आतून काळा डांबरी थर धरतो. त्याला क्रिओसोट म्हणतात. हा थर एखाद्या दिवशी पेटला की नळी लालबुंद होते, आणि जुन्या घरात नळीजवळ लाकडी कड्या असल्या की पुढचं सांगायला नको.

आता रात्री दहाला गच्च भरून हवा दाबली तर काय होईल? लाकूड तापतच राहणार, वायू निघतच राहणार, फक्त जळणार नाही. अमेरिकेत १९७०च्या दशकात तेल महागल्यावर हवाबंद बुखाऱ्यांची लाट आली, त्यांतल्या कितीतरींना आपोआप मिटणारी झडप होती. लोक रात्री भरून दाबून झोपत. नळ्या तुंबल्या, पेटल्या, गावंच्या गावं धुरात गेली. शेवटी १९८८ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याला लाकडाच्या बुखाऱ्यांसाठी धुराच्या मर्यादा घालाव्या लागल्या.

म्हणून माझं म्हणणं पक्कं आहे. खोलीत किती ऊब हवी ते लाकडाच्या वजनाने ठरवा. हवा मात्र जेवढी त्या लाकडाला लागते तेवढी मिळालीच पाहिजे. आपोआप चालणारी झडप हवी ती एवढ्यासाठी, की आपण समोर नसताना आगीला त्या-त्या वेळची योग्य हवा मिळत राहावी.

हिशेब करून बघू. वीस टक्के ओल असलेलं एक किलो लाकूड साधारण ४ युनिट (विजेच्या मीटरवरचंच युनिट, किलोवॉट-तास) उष्णता देतं. चांगल्या बुखारीतून त्यातली पावणेतीन-तीन युनिटं खोलीत येतात. तुमची खोली तीन हजार घनफुटांची, भिंती गार. कडाक्याच्या रात्री तिला ताशी ४-५ युनिटं लागतील असा माझा अंदाज आहे, म्हणजे तासाला दीड किलोच्या आसपास लाकूड. हे रात्रभर कोण घालणार? कोणी नाही. म्हणून उष्णता साठवा. फॅब्रिकेशनवाल्याला सांगा की बुखारीच्या तिन्ही बाजूंना, थोडी फट सोडून, विटांचं कवच बांधू दे. पाचशे किलो विटा ६० अंशांनी तापल्या तर त्यांत जवळजवळ ७ युनिट उष्णता बसते. संध्याकाळी सात ते दहा मोठी, स्वच्छ आग करा, आणि पहाटेपर्यंत विटा ती ऊब थोडी-थोडी परत देत राहतील. पूर्ण गरज त्यातून भागणार नाही, पण गारठा तेवढा कमी होईल. खोली तळमजल्यावर असली तर वजनाची चिंता नाही. आगीच्या थेट संपर्कात मात्र ग्वाल्हेरचा दगड लावू नका. आत ओल धरलेला असतो, तापून तडकतो. आत फायरब्रिकच.

आता झडप. धातूच्या पट्टीवाली जी यंत्रणा तुम्ही वाचलीत ती बायमेटलची. दोन धातू एकमेकांना चिकटवलेले, एक तापल्यावर जास्त वाढणारा, दुसरा जवळजवळ न वाढणारा. हा दुसरा बहुधा इन्व्हार, लोखंड-निकेलचा मिश्रधातू, १८९६ मध्ये गिओम या शास्त्रज्ञाने शोधलेला. १९२०चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यालाच मिळालं. पट्टी तापली की वाकते. तिची गुंडाळी केली की वाकणं वाढतं, आणि त्या टोकाला साखळी किंवा दांडी बांधून हवेची झडप हलवतात. बुखारी तापली की झडप मिटते, थंडावली की उघडते. वीज नको, बॅटरी नको. डेन्मार्कची ह्वाम कंपनी आपल्या बुखाऱ्यांत ही पट्टी वापरत आली आहे. अमेरिकेतल्या व्हरमाँट कास्टिंग्जच्या १९७५च्या पहिल्या बुखारीतही अशीच झडप होती.

(कल्पना तर त्याहून किती जुनी आहे! सतराव्या शतकाच्या सुरुवातीला कॉर्नेलिस ड्रेबेल नावाच्या डच माणसाने अंडी उबवायच्या भट्टीला अशी सोय केली होती. आतला मद्यार्क तापून फुगे, तो पारा ढकले, पाऱ्यावरची दांडी उचलली जाई आणि भट्टीची झडप मिटे. आयुष्यभर बॉयलरचा डॅम्पर (झडप) हाताने ओढलेल्या मला हे वाचून त्या माणसाला नमस्कार करावासा वाटला.)

तुमच्यासाठी मी बायमेटलच सुचवीन, पण दोन अटींवर. बायमेटलची झडप फक्त खालच्या, म्हणजे जाळीखालून येणाऱ्या हवेवर बसवा. वरून, ज्योतीला मिळणारी दुय्यम हवा कायम उघड्या भोकांतून येऊ द्या, ती कोणालाही, कशालाही पूर्ण बंद करता येऊ नये. आणि खालच्या झडपेलाही एक खुंटी ठोका, म्हणजे ती पूर्ण न मिटता बारीक फट उरेल.

---

लष्करची सून (ग्वाल्हेर)

काका, फार उपकार झाले. विटांच्या कवचाचं माझ्या डोक्यातही नव्हतं.

एक विचारते. फॅब्रिकेशनवाला म्हणतोय की झडप खाली नकोच, धुराच्या नळीत गोल चकती बसवू, हँडल फिरवलं की आग कमी-जास्त होते, सगळे तसंच करतात. ते बरोबर आहे का?

---

भट्टीकाका (इंदूर)

नाही. मुळीच नाही. बॉयलरवर स्टॅक डॅम्पर, म्हणजे धुराच्या नळीतली झडप, असतो, पण तिथे चोवीस तास माणूस उभा असतो. घरात हवा आत येताना आवरायची, धूर बाहेर जाताना अडवायचा नाही. नळीतली चकती मिटली आणि आत निखारे असले की कार्बन मोनॉक्साइड दाराच्या फटीतून खोलीत येणार. त्याला रंग नाही, वास नाही. ज्या बातम्या वाचून तुम्ही शेगडी बंद केलीत तेच संकट मागच्या दाराने घरात येईल. तो अगदीच ऐकत नसेल तर चकतीचा निदान एक चतुर्थांश भाग कापून टाकायला लावा. पण तिची गरजच नाही.

---

सेन्सरवाला (बडोदा)

ताई, काका, नमस्कार. मी मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत भट्ट्यांचे कंट्रोल पॅनेल बनवतो. काकांच्या बाकी सगळ्या मुद्द्यांशी सहमत आहे, पण बायमेटलची एक मोठी उणीव राहून गेली, ती सांगणं जरूर आहे.

बायमेटलला फक्त एकच गोष्ट कळते: मी गरम आहे की थंड. आता दोन प्रसंग घ्या. एक, तुम्ही दार उघडून नवं लाकूड टाकलंत, बुखारी जरा थंडावली. इथे हवा वाढायला हवी आणि बायमेटल ती वाढवतं, छान. दुसरा, ज्योत विझली, फक्त निखारे उरले, बुखारी हळूहळू थंडावतेय. इथे हवा कमी व्हायला हवी, कारण जास्तीची हवा निखाऱ्यांची ऊब घेऊन नळीतून वर जाते. पण बायमेटलच्या दृष्टीने दोन्ही प्रसंग सारखेच. ते झडप सताड उघडतं. निखारे भराभर संपतात आणि सकाळी बुखारी गार.

इलेक्ट्रॉनिक यंत्रणेला हा फरक कळतो. नळीत, बुखारीच्या लगेच वर, एक के-टाइप थर्मोकपल, म्हणजे जास्त तापमान मोजणारा तारेचा सेन्सर, बसवायचा. दाराला एक साधा स्विच. दार उघडलं गेलं आणि त्याच सुमारास तापमान पडलं तर नवं लाकूड आलं असं समजून काही मिनिटं खालची हवा मोकळी. दार न उघडता तापमान सावकाश उतरत चाललं तर निखाऱ्यांची वेळ: खालची हवा बंद, वरची थोडी. मधल्या काळात, ज्योत चांगली असताना, खालची जवळजवळ बंद आणि वरची भरपूर. भट्टीवर लोक पीआयडी-पीआयडी (तापमान एका आकड्यावर धरून ठेवणारी नियंत्रणाची पद्धत) करतात, पण लाकडाच्या बुखारीला असे टप्पे ओळखणारा साधा प्रोग्रॅम जास्त शोभतो. लाकूड एकदा आत पडलं की त्याचा वायू निघणं तुम्ही थांबवू शकत नाही, आणि लोखंड-विटांचा जडपणा इतका की झडप हलवल्याचा परिणाम दिसायला कितीतरी मिनिटं जातात.

महागड्या युरोपीय बुखाऱ्या याच्या पुढे जातात. त्या धुरातला ऑक्सिजनही मोजतात, गाडीच्या सायलेन्सरमध्ये असतो तसल्या लॅम्डा सेन्सरने. बॉशचा हा सेन्सर गाडीत पहिल्यांदा १९७६ मध्ये व्होल्वोत आला. हवेत ऑक्सिजन २१ टक्के, आणि बुखारी नीट जळत असताना धुरात साधारण ८ ते १२ टक्के उरतो. त्याहून फार कमी झाला तर ज्योत गुदमरतेय, फार वाढला तर ऊब वाया चाललीय. घरी करणाऱ्यांसाठी एक सूचना: भंगारातून मिळणारा साधा लॅम्डा सेन्सर इथे निरुपयोगी आहे. तो हवा-इंधनाच्या अगदी काटेकोर प्रमाणाजवळच काम करतो, आणि लाकडाला तर त्याच्या दीड-दोन पट हवा लागते. ऑक्सिजन कमी-जास्त कितीही असला तरी मोजणारा, वाइडबँड, घ्यावा लागतो. त्याचा आतला हीटर त्याला ७८० अंशांवर ठेवतो, त्यासाठी वीज खर्च होते, आणि लाकडाच्या काजळीत तो किती टिकेल ही चिंता वेगळी. ताईंच्या कामाला मी तो सुचवणार नाही. थर्मोकपल आणि दाराचा स्विच, एवढ्याने बहुतेक काम होतं.

वीज जाण्याचं म्हणाल तर हा नियंत्रक आणि झडपेची मोटर मिळून सरासरी २ वॉटसुद्धा खात नाहीत. स्कूटरमध्ये असते तेवढी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी, म्हणजे ८४ वॉट-तास. रात्र काय, पूर्ण दिवस निघेल. मोटर बुखारीपासून लांब ठेवून दांडीने झडप हलवायची. प्लॅस्टिकच्या दात्यांच्या स्वस्त सर्व्हो मोटरी इथे वितळतात, धातूच्या दात्यांची घ्यायची. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बॅटरीही संपली तर झडप स्प्रिंगने आपोआप ठरलेल्या जागी यायला हवी. ती जागा पूर्ण मिटलेली नको आणि पूर्ण उघडीही नको. मिटली तर धूर कोंडेल, उघडली तर बुखारी तापून लाल होईल. एक तृतीयांश उघडी ठेवायची.

---

भट्टीकाका (इंदूर)

सेन्सरवाले दादा, निखाऱ्यांचा मुद्दा शंभर टक्के खरा, आणि तुम्ही तो छान समजावलात. पण यंत्र बसवणारा आणि यंत्र सांभाळणारा यांत फरक असतो. तुमचं पॅनेल बिघडलं तर तुम्ही बडोद्यात. ताईंच्या घरी जानेवारीच्या रात्री ते कोण उघडणार? बायमेटलची गुंडाळी वर्षानुवर्षं तशीच राहते. साखळीवरची राख झटकली की झालं.

निखाऱ्यांच्या वेळी झडप सताड उघडू नये यासाठी उपाय सोपा आहे. साखळीला लांबीची मर्यादा ठेवा, म्हणजे झडप ठरावीक कोनापलीकडे उठणारच नाही. आग पेटवताना जी जास्तीची हवा लागते ती तेवढा वेळ राखेच्या खणाचं दार किंचित उघडं ठेवून द्या. त्या वेळी माणूस समोर असतोच. आणि दहाला झोपायच्या आधी ज्योत पूर्ण विझली, नुसते लाल निखारे राहिले, की ताईंनी स्वतः साखळी खुंटीवर अडकवावी. मग खालची हवा त्या बारीक फटीपुरती, वरची भोकं उघडी, नळी मोकळी. दिवसातून एकदा एवढं करणं काही अवघड नाही.

दोन्ही प्रकारांना लागू असलेली एक गोष्ट. दार गळकं असेल तर कुठलीच स्वयंचलित झडप उपयोगाची नाही, हवा दारातूनच शिरते आणि झडप बिचारी नुसती हलत राहते. दाराला आणि राखेच्या खणाला काचतंतूच्या दोरीचं गॅस्केट लावून घ्या. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निघाली तर तिथे फट आहे. चारी बाजूंनी करून बघा, आणि दर दिवाळीला परत.

---

ऑर्हूसची माई (डेन्मार्क, मूळची ग्वाल्हेरची)

माहेर ग्वाल्हेर, त्यामुळे पटियांच्या छताखालची थंडी अंगात अजून आहे! आमच्या इथल्या घरी बायमेटलची बुखारी आहे आणि मी तिच्यावर समाधानी आहे. पण इथे आल्यावर आम्हाला शिकवलं गेलं की झडप आपोआप चालते म्हणून लाकूड कसंही टाकायचं नसतं.

आग वरून पेटवायची. खाली दोन जाड ओंडके, वर बारीक काटक्या, आणि पेटवण सगळ्यात वर. ज्योत हळूहळू खाली उतरते, तिच्यातून जाणारा वायू जळतो, त्यामुळे सुरुवातीचा धूर फार कमी होतो. आपल्याकडच्या चुलीच्या सवयीने हे उलटं वाटतं, पण सासूबाईंच्या दम्यासाठी हा बदल जरूर करा. मग पिवळी ज्योत संपेपर्यंत नवं लाकूड नाही, आणि टाकायचं ते एका वेळी दोनच तुकडे. काही नव्या बुखाऱ्या तर लाकूड कधी घालायचं ते फोनवर कळवतात.

इथे नळी साफ करणारा माणूस कायद्याने ठरलेला आहे, तो येऊन नळी घासून जातो आणि घासता-घासता तुम्ही ओलं लाकूड जाळता की काय तेही त्याला कळतं. युरोपात १ जानेवारी २०२२ पासून विकल्या जाणाऱ्या नव्या बुखाऱ्यांना धुरातल्या कणांची मर्यादा घनमीटरला ४० मिलिग्रॅम आहे, बंद दाराच्या लाकडी बुखारीची. ही मर्यादा पाळायची तर लाकूड कोरडं आणि हवा वेळेवर, दुसरा मार्ग नाही.

---

करधई (ग्वाल्हेर, मुरार)

ताई, माझा व्यवसाय लाकडाचा, वडिलांपासून टाल (लाकडाची वखार) आहे. हवेच्या झडपेबद्दल जाणकारांनी लिहिलंच आहे, मी लाकूड आणि छत यांबद्दल सांगतो.

डबऱ्याची बाभूळ उत्तम, जड आणि निखारा धरणारी. पण या पावसाळ्यानंतर छाटलेली असेल तर या थंडीत जाळू नका. ताज्या तोडलेल्या लाकडाचं निम्म्यापर्यंत वजन पाण्याचं असू शकतं. ते पाणी उडवण्यात धग जाते आणि तुमची झडप, बायमेटल असो की मोटरची, बुखारी थंड आहे असं समजून उघडीच राहते. आपल्याकडची लू हीच फुकटातली भट्टी आहे. फाल्गुनात ओंडके फोडून ठेवा. मनगटापेक्षा जाड एकही अखंड ठेवायचा नाही. जमिनीपासून वीतभर वर, विटांवर, वारं खेळेल असे रचा आणि मृगाच्या आधी वरून झाकून टाका. बाजू मात्र मोकळ्या. कोरडं झालं की नाही ते बघायला मीटर मिळतो, नसला तरी अडत नाही. एका ओंडक्यावर खडूने खूण करून तो पंधरा-पंधरा दिवसांनी तोलत जा. वजन उतरायचं थांबलं की झालं.

या वर्षीपुरतं टालीवरून जुनं, सुकलेलं घ्या. करधई मिळाली तर सोडू नका, शिवपुरीकडच्या जंगलातली ही लाकडं लोखंडाला भारी. रंगवलेलं, लॅमिनेटचं, प्लायचं लाकूड चुकूनही नको. मोहरीच्या काड्यांच्या विटा स्वस्त मिळतात, पण त्यांची राख इतकी होते की जाळी बुजून खालची हवाच बंद पडते.

छताबद्दल. नळी छतातून जिथे बाहेर पडते तिथून किमान तीन फूट वर न्या, आणि दहा फुटांच्या आत जी भिंत, जिन्याची खोली किंवा टाकी असेल तिच्यापेक्षा दोन फूट वर. लष्करमध्ये घरं एकमेकांना चिकटलेली, हा नियम पाळला नाही तर शेजारच्या भिंतीवर आपटलेला वारा धूर परत नळीत घालतो. छताखाली कड्या असतील तर एकेरी पत्र्याची नळी त्यांच्यापासून दीड फूट तरी लांब हवी. पटियातून जाताना दुहेरी नळी करून मधे रॉकवूल (न जळणारा दगडी तंतूंचा कापूस) भरा. कोहऱ्याच्या सकाळी नळीत थंड हवा बसलेली असते, त्या दिवशी आधी वर्तमानपत्राचा एक कागद नळीच्या तोंडाशी जाळा, ओढ सुरू होते, मग लाकूड पेटवा.

आणि खोलीच्या सगळ्या फटी बुजवू नका. बुखारीला जळायला हवा लागते, एका किलोला ४-५ घनमीटर नुसती हिशेबाची, प्रत्यक्षात त्याच्या दीड-दोन पट. बाहेरून चार इंची पाइप थेट बुखारीच्या हवेच्या तोंडाशी आणलात तर खोलीतली गरम हवा ओढली जाणार नाही. घरात कुठे एक्झॉस्ट फॅन असेल तर बुखारी पेटलेली असताना तो लावू नका, उलटी ओढ बसते.

---

सेन्सरवाला (बडोदा)

काकांचा साखळीचा उपाय मान्य. ताईंच्या घरी तोच बरा. दोन गोष्टी तरीही घ्या, दोन्हींना घरातली वीज लागत नाही. एक, नळीवर चिकटणारं किंवा आत जाणारं तापमानाचं घड्याळ, म्हणजे आग मंद चालली आहे की जास्त हे नजरेला कळेल. दुसरं, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म, ईएन ५०२९१ मानकाचा. सासूबाईंच्या पलंगाजवळ, झोपल्यावर डोकं येईल त्या उंचीवर, आणि बुखारीला अगदी खेटून नको, चार-पाच फूट अंतर ठेवा. एक तुमच्या खोलीत पण लावा, कारण खोलीतला वाजला तरी म्हाताऱ्या माणसाला ऐकू येईलच असं नाही. एकमेकांना जोडलेले अलार्म मिळतात, एक वाजला की दोन्ही वाजतात, ते बघा.

---

भट्टीकाका (इंदूर)

हे मी आधी लिहायला हवं होतं इतकं महत्त्वाचं आहे. ताई, अलार्म आधी, बुखारी नंतर.

बायमेटलबद्दल आणखी एक. इस्त्री किंवा गीझरमधली पट्टी काढून लावायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. त्या एका तापमानाला टक् करून उडणाऱ्या असतात, आपल्याला सावकाश वळणारी गुंडाळी हवी. जुन्या कोळसा-बॉयलरला दांडी आणि साखळीवाला ड्राफ्ट रेग्युलेटर असायचा, त्या धर्तीचे अजून नवे मिळतात. घेतलात तर बसवण्याआधी गुंडाळी आधी कोमट, मग कढत पाण्यात धरून बघा. जसजसं तापेल तसतसं दांडीचं टोक एकसारखं सरकायला हवं, अडखळत नाही.

---

लष्करची सून (ग्वाल्हेर)

सगळ्यांना मनापासून नमस्कार. हे सगळं यजमानांना आणि सासूबाईंनाही वाचून दाखवलं. आग वरून पेटवायची म्हटल्यावर सासूबाईंचा विश्वासच बसेना, पण प्रयोग करायला तयार झाल्या आहेत.

ठरलं ते असं. खालच्या हवेवर बायमेटल, साखळीला दोन्हीकडून मर्यादा. वरची भोकं कायम उघडी. नळीत चकती नाही, हे फॅब्रिकेशनवाल्याला आज स्पष्ट सांगितलं. तीन बाजूंना विटांचं कवच, बाहेरून हवेचा पाइप. अलार्म दोन, जोडलेले, ते उद्याच मागवतो आहोत. रात्री भरून दाबण्याचा विचार सोडला. संध्याकाळी सात ते दहा आग, मग विटांची ऊब. घरची बाभूळ पुढच्या वर्षासाठी फोडून ठेवू, यंदा टालीवरचं.

करधई, तुमची टाल मुरारला कुठे आहे ते आणि पटिया न तडकवता भोक पाडणारा एखादा मिस्त्री माहीत असेल तर त्याचं, असं दोन्ही मला व्यक्तिगत निरोपात कळवाल का? आमच्या नेहमीच्या मिस्त्रीने छिन्नी-हातोड्याने करतो म्हटलं, आणि ते मला पटत नाही.

---

करधई (ग्वाल्हेर, मुरार)

निरोप पाठवला आहे. छिन्नी लावू देऊ नका. कोअर कटिंगवाला बोलवा, पाणी सोडत गोल कापतो, दुहेरी नळीच्या बाहेरच्या मापापेक्षा इंचभर मोठं भोक घ्यायला सांगा. कापण्याआधी वर जाऊन बघा, दोन पटियांचा सांधा भोकाच्या मधोमध यायला नको.